‘रामदास’ आगबोटीचा नाश : तिथि, वेळ व संख्या यांची चिकित्सा

शिरूर व दौंड या दोन तालुक्यांतील संग्राहक मंडळींकडून आम्हांस एक प्रश्न वारंवार विचारण्यांत येतो. जुनें दप्तर हातीं आलें म्हणजे त्यांतील मोडी रुमाल, सनदा, महजर व वतनाचे कागद प्रथम निवडून घेतले जातात. मग तळाशीं पोस्टकार्डांचे गठ्ठे, छापील पंचांगें, किराणा दुकानाच्या वह्या आणि मुंबईहून आलेलीं पत्रें शिल्लक राहतात. हीं ठेवावीं कीं रद्दींत घालावीं? १८१८ नंतरचा कागद म्हणजे दप्तर नव्हे, अशी एक समजूत आपल्या मंडळींत रूढ आहे, आणि १९०० नंतरच्या कागदास तर कोणी हातहि लावीत नाहीं. या प्रश्नास सामान्य उत्तर देण्यापेक्षां एका प्रकरणाची चिकित्सा करून दाखवावी, असें आम्हीं योजिलें आहे. प्रकरण समुद्रावरचें आहे. घोड आणि भीमा यांच्या कांठच्या लोकांस त्याचें काय, असें कोणी म्हणेल. परंतु त्याचा निर्णय लागला तर तो समुद्रापासून दूर असलेल्या घरांतील कागदांवरूनच लागण्याचा संभव अधिक आहे, हें पुढील विवेचनावरून ध्यानांत येईल.

हें प्रकरण म्हणजे ‘रामदास’ आगबोटीचा नाश. १७ जुलै १९४७ रोजीं सकाळीं ही बोट मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघाली. इंग्लंडांत स्वॉन हंटर यांच्या कारखान्यांत १९३६ सालीं बांधलेली ही बोट. आणि ज्या कंपनीची ती होती तीस कोंकणांतील लोक ‘माझी आगबोट कंपनी’ म्हणत, इतकी ती त्यांना आपली वाटे. मुंबई मागें टाकून काश्याच्या खडकाच्या आसपास बोट आली असतां भर पावसाळ्याच्या लाटांनीं ती एका बाजूस कलली, उतारूंची एकच धांवपळ उडाली, आणि कांहीं मिनिटांतच ती उलटून बुडाली. बोटीवर बिनतारी संदेशाचें यंत्र नव्हतें, त्यामुळें मुंबईस ही वार्ता कळण्यास दुपार उलटली. सहाशेंहून अधिक माणसें बुडालीं. कांहींजण पोहून व कांहींजण मच्छीमारांच्या होड्यांनीं उचलून घेतल्यामुळें वांचलीं. याच कंपनीच्या ‘जयंती’ व ‘तुकाराम’ या दोन बोटी ११ नोव्हेंबर १९२७ रोजीं एकाच दिवशीं वादळांत नाहींशा झाल्या होत्या. त्यानंतर वीस वर्षांनीं हा तिसरा आघात.

या घटनेवर मराठींत आजवर झालेलें लेखन बरेंच आहे. वर्तमानपत्रांतील स्मृतिलेख, मासिकांतील कहाण्या, वांचलेल्यांच्या मुलाखती, असें तें पसरलेलें आहे. त्यामागील कळकळीविषयीं आम्हांस शंका नाहीं. परंतु साधन म्हणून तें वापरूं गेल्यास पहिली अडचण ही येते कीं बहुतेक लेख एकमेकांवरून उतरलेले आहेत. एका लेखांत एखादा तपशील आला कीं तो पुढील दहा लेखांत येतो, आणि दहा लेखांत आला म्हणून अकरावा लेखक त्यास सर्वसंमत मानतो. बखरींच्या बाबतींत हा दोष आपण केव्हांच ओळखला आहे. एका मूळ प्रतीवरून झालेल्या दहा नकला म्हणजे दहा साक्षी नव्हेत, हें आपल्या संशोधनाचें पहिलें सूत्र. परंतु घटना आपल्या आजोबांच्या काळची असली म्हणजे हें सूत्र आपण विसरतों. जवळची गोष्ट आपणांस ठाऊकच आहे असें वाटतें, हें त्याचें कारण असावें.

प्रथम संख्या घेऊं. मृतांचा आंकडा कोठें ६२५ दिलेला आहे, तर कोठें त्याहून चाळीसपन्नासांनीं अधिक. प्रत्येक लेखक आपला आंकडा एककापर्यंत नेमका देतो. हा नेमकेपणा कोठून आला? रेवसच्या बोटीचें तिकीट हें रेल्वेच्या तिकिटासारखें. त्यावर उतारूचें नांव नसते. तिकिटांच्या खपावरून माणसें मोजावीं तर मांडीवरचीं मुलें, बोटीवरचे खलाशी, चहाफराळाच्या दुकानाचीं माणसें व शेवटच्या क्षणीं फळीवरून आंत शिरलेले उतारू यांचा हिशेब निराळा करावा लागतो. उलटपक्षीं सांपडलेल्या प्रेतांवरून मोजावें तर समुद्रानें न परत केलेलीं प्रेतें वगळलीं जातात. म्हणजे या दोन पद्धतींनीं दोन आंकडे येणें अपरिहार्य आहे, व त्यांतील कोणता आंकडा कोणत्या पद्धतीचा हें न सांगतां तो छापणें व्यर्थ आहे.

‘रामदास’ला ‘हिंदुस्थानची टायटॅनिक’ म्हणण्याची जी प्रथा पडली आहे ती आम्हांस मुळींच रुचत नाहीं. एक बोट अटलांटिक ओलांडण्याच्या पहिल्याच सफरींत, थंड शांत रात्रीं हिमनगावर आपटून अडीचतीन तासांत बुडाली. दुसरी रोजच्या वाटेवर, दिवसाउजेडीं, बंदराच्या तोंडाशीं कांहीं मिनिटांत बुडाली. दोहोंत साम्य म्हणावें तर दुःखाचें. परंतु तुलना करावयाचीच असेल तर ती कागदपत्रांच्या बाबतींत करावी. ‘टायटॅनिक’वरील उतारूंच्या नांवनिशीवार याद्या होत्या, १९१२ सालच्या त्या अपघाताची चौकशी इंग्लंडांत लॉर्ड मर्सी यांच्यापुढें व अमेरिकेंत सेनेटच्या समितीपुढें, अशी दोन ठिकाणीं झाली. इतकें असूनहि इंग्लंडच्या चौकशींत मृतांचा आंकडा १,४९० निघाला, ब्रिटिश बोर्ड ऑफ ट्रेडच्या हिशेबीं तो १,५०३ झाला, आणि अमेरिकेच्या समितीनें १,५१७ ठरविला. जेथें नांवांच्या याद्या होत्या तेथें सत्तावीस माणसांचा फरक पडला. जेथें तशी यादीच नव्हती तेथला एककापर्यंतचा आंकडा लेखकानें किती भरंवशानें द्यावा, याचा विचार वाचकांनींच करावा.

उलट दिशेचें उदाहरणहि आपल्या किनाऱ्यालगतच आहे. नोव्हेंबर १८८८ मध्यें ‘वैतरणा’ नांवाची आगबोट कच्छच्या मांडवीहून मुंबईस येतांना काठेवाडच्या किनाऱ्याजवळ बेपत्ता झाली. तीवर विजेचे दिवे होते म्हणून लोक तिला ‘वीजळी’ म्हणत. कागदोपत्रीं तीवरील माणसें साडेसातशेंच्या आसपास भरतात. परंतु गुजराती लोकगीतांनीं तीं तेराशें केलीं, आणि पुढें तोच आंकडा छापील लेखांतहि शिरला. लोकगीतास आम्ही खोटें म्हणत नाहीं. तें शोकाचें परिमाण सांगतें, माणसांचें नव्हे. गीताचें काम गीतास करूं द्यावें व गणतीचें काम गणतीस.

आतां मुख्य मुद्द्याकडे वळूं. ‘रामदास’विषयीं लिहिणारा जवळजवळ प्रत्येक लेखक सांगतो कीं तो दिवस गटारी अमावास्येचा होता, गिरण्यांत व गोदींत काम करणारे कोंकणी लोक गटारीसाठीं गांवीं निघाले होते, म्हणून बोटीवर गर्दी होती. कित्येक लेखांत या जोडीला असेंहि येतें कीं अमावास्येस दर्यांत जाऊं नये हा जुन्या खलाशांचा संकेत त्या दिवशीं मोडला गेला. या दोन्ही विधानांस मोठें वजन प्राप्त झालें आहे. दुसऱ्या विधानानें अपघात दैवावर गेला. पहिल्यानें तर त्याहून वाईट केलें. ‘गटारी’ या शब्दाबरोबर मद्यमांसाचा जो वास येतो तो सहाशें मृतांच्या माथीं बसला. शेंपन्नास घरांतील कर्त्या पुरुषांविषयीं, त्यांच्या बायकांमुलांविषयीं, ‘गटारी करावयास निघाले आणि बुडाले’ असें एका वाक्यांत बोलण्याची सोय झाली. असें विधान स्वीकारण्यापूर्वीं तें तपासून पाहणें हें इतिहासलेखकाचें निव्वळ कर्तव्य होतें, आणि तें तपासण्याचें साधन आपल्या प्रत्येक संग्राहकाच्या घरीं आहे. शिवकालीन पत्रांच्या मित्या आपण खरे यांच्या शकावलीवरून व इतर काळच्या मित्या स्वामिकण्णू पिळ्ळै यांच्या कोष्टकांवरून ताडून पाहतों. मग शके १८६९ ची एक मिति ताडून पाहण्यास काय हरकत आहे?

१७ जुलै १९४७ हा गुरुवार. दृक् गणितानें पाहतां सूर्यचंद्रांची युति, म्हणजे अमावास्येचा अंत, शुक्रवार ता. १८ रोजीं स्टँडर्ड टाइमाप्रमाणें सकाळीं पावणेदहाच्या सुमारास येतो. चंद्र त्या वेळीं पृथ्वीच्या समीप, म्हणून शीघ्रगति होता. त्यामुळें तिथीचा भोग लहान, सुमारें वीस तासांचा. यावरून अमावास्येचा आरंभ गुरुवारीं दुपारीं एकदीडच्या सुमारास होतो. अर्थात् बोट सुटली तेव्हां आणि बुडाली तेव्हां आषाढ वद्य चतुर्दशी चालूं होती. जुन्या पद्धतीच्या पंचांगांत घटकांचा फरक पडेल हें खरें. परंतु सूर्योदयाची तिथि गुरुवारीं चतुर्दशी व शुक्रवारीं अमावास्या, हाच निर्णय राहतो. खलाशांचा संकेत मोडल्याची कथा एवढ्यावरच लटकी पडते.

गटारीचा प्रश्न याहून नाजूक आहे. श्रावणाचें सोंवळेंओंवळें सुरू होण्यापूर्वींचा अखेरचा दिवस म्हणून आषाढी अमावास्येस हें लौकिक नांव पडलें. परंतु शके १८६९ मध्यें श्रावण अधिक होता. कर्कसंक्रांत १६ जुलैस होऊन गेली; त्यानंतर १८ जुलैच्या सकाळीं अमावास्या संपली; पुढील अमावास्या १६ ऑगस्टच्या दुपारीं पावणेपांचच्या सुमारास संपते; आणि चित्रापक्षाच्या अयनांशांनीं सिंहसंक्रांत त्याच रात्रीं उत्तररात्रीं होते. मधल्या चांद्रमासांत संक्रांत नाहीं, म्हणून तो अधिक. श्रावणी सोमवार, मंगळागौर, शनिवारचे उपास हीं सर्व व्रतें निज श्रावणांत, म्हणजे महिन्याभरानें, १७ ऑगस्टपासून पुढें लागणार होतीं. मग त्यापूर्वीं एक महिना अगोदर ‘गटारी’ कशी आली? अधिक मास हा दानधर्माचा म्हणून त्यापूर्वींहि कोणी जिभेचे चोजले पुरवून घेत असेल, किंवा आषाढी अमावास्या म्हटली कीं गटारी अशी जिभेला संवय असेल. हे संभव आहेत. परंतु ‘दुसऱ्या दिवसापासून श्रावण लागणार म्हणून लोंढा गांवीं निघाला’ असें जें सरळ कार्यकारण लेखक जोडतात, तें या पंचांगानें टिकत नाहीं.

येथें आमचे चिकित्सक वाचक लगेच म्हणतील कीं पंचांग एकच आहे काय? आक्षेप योग्य आहे. टिळक पंचांग पाळणाऱ्या घरांत रेवतीपक्षाचे अयनांश घेतले जातात, त्यांच्या संक्रांती सुमारें चार दिवस अगोदर येतात, आणि त्यामुळें वरील सिंहसंक्रांत मधल्या महिन्याच्या आंत पडते. त्या घरांत हा महिना अधिक नव्हे, निज श्रावण. चंद्रसूर्यांचें हेंच चक्र शहात्तर वर्षांनीं, २०२३ सालीं पुनः आलें, तेव्हां इतरांचे गणपति १९ सप्टेंबरला बसले आणि टिळक पंचांगवाल्यांचे २० ऑगस्टला, हें वाचकांच्या स्मरणांत ताजें असेल. १५ ऑगस्ट १९४७ हा स्वातंत्र्याचा दिवसदेखील एका घरच्या भिंतीवर अधिक श्रावण वद्य चतुर्दशीचा होता व शेजारच्या घरीं निज श्रावणाचा. कोंकणांत, विशेषतः रत्नागिरीकडे, टिळक पंचांगाचा प्रघात आहे. म्हणून ‘त्या दिवशीं गटारी होती काय’ या प्रश्नाचें उत्तर ‘कोणाच्या घरीं?’ या प्रतिप्रश्नानेंच द्यावें लागतें. आमचें स्वतःचें मत असें कीं बोटीवरील कोळी, आगरी, कुळवाडी इत्यादि बहुसंख्य उतारूंच्या घरीं सर्वसाधारण पंचांगच चालत असावें, आणि गटारीची कथा ही मागाहून, दरवर्षींच्या आषाढी अमावास्येच्या सांगडीनें बळावली असावी. दिनांक १७ जुलै हा पुष्कळ वर्षीं आषाढाच्या उत्तरार्धांत येतो. स्मृतिलेख लिहिणारा आपल्या काळच्या गटारीकडे पाहून तेव्हांची गटारी रंगवितो.

आणखी एक गोष्ट कोणीच लिहीत नाहीं, याचें आम्हांस नवल वाटतें. त्या वर्षीं या घटनेनंतर दोनतीन दिवसांतच रमजानचा महिना लागत होता; पुढें १५ ऑगस्टचा दिवस रमजानच्या अखेरच्या दहा दिवसांत आला, हें प्रसिद्धच आहे. रेवसपासून खालीं मुरूड-जंजिऱ्यापर्यंतच्या किनाऱ्यावर कोंकणी मुसलमानांची वस्ती थोडी नाहीं, आणि बोटींवर चाकरी करणारांत व मुंबईंत पोट भरणारांत त्यांची गणना मोठी. पहिल्या रोज्यास घरीं असावें असें कोणा उतारूस वाटलें असल्यास तें स्वाभाविकच. गर्दीचें कारण म्हणून गटारीचें नांव शंभर लेखांत यावें आणि रमजानचें एकाहि लेखांत आमच्या पाहण्यांत येऊं नये, यावरून लेखकांनीं मृतांची चौकशी किती केली व कल्पना किती केली, हें दिसून येतें.

वेळेविषयींची गफलत थोडक्यांत सांगतां येईल. बोट सुटल्याची वेळ कोणी आठ देतो, कोणी साडेआठ. बुडाल्याच्या वेळेंतहि तसाच अर्ध्यापाऊण तासाचा फरक आढळतो. लेखकांनीं यावरून साक्षीदारांस बेभरंवशाचे ठरविलें आहे. परंतु १९५५ पर्यंत मुंबई शहरांत दोन वेळा चालत होत्या. रेल्वे व सरकारी तारखातें स्टँडर्ड टाइम पाळीत, आणि शहरांत पुष्कळ ठिकाणीं ‘मुंबई टाइम’ चाले, जो एकोणचाळीस मिनिटांनीं मागें होता. दौंड जंक्शनावरून मुंबईस जाणाऱ्या त्या पिढीच्या माणसांस हा घोटाळा चांगला परिचयाचा होता. गाडींतून उतरलें कीं घड्याळ मागें घ्यावें कीं न घ्यावें, हा वाद असे. दोन प्रामाणिक साक्षीदारांत एकोणचाळीस मिनिटांचा फरक पडणें यांत कांहींच अस्वाभाविक नाहीं. कोणत्या साक्षीदाराच्या मनगटावर कोणतें घड्याळ होतें एवढें पाहिल्याखेरीज कोणासहि खोटें पाडूं नये.

बोट खडकावर आपटली, असेंहि सर्रास लिहिलें जातें. काश्याच्या खडकाचें नांव घटनेशीं जोडलें गेल्यामुळें हा समज झाला असावा. वांचलेल्यांचें सांगणें मात्र आपटण्याचें नव्हे, कलण्याचें आहे. लाट आली, बोट एका अंगास गेली, पाणी आंत आलें, भिऊन लोक एका बाजूस लोटले, आणि ती परत उठली नाहीं. ज्यांनीं समुद्र पाहिला नाहीं त्यांस हें समजावयास कठीण नाहीं. दौंड तालुक्यांत शिरापुराहून सिद्धटेकास जातांना भीमेवर नावेंतून उतरण्याची चाल होती. पलीकडचा गणपतीचा कळस पाहावयास सगळे एका बाजूस झुकले कीं नावाडी काय ओरडतो, हें त्या नावेंत बसलेल्या कोणासहि सांगावयास नको. बोट मोठी झाली म्हणून हा नियम बदलत नाहीं. उलट माणसें वरच्या मजल्यावर जितकीं अधिक, तितका तोल नाजूक. त्यांत ते दिवस उधाणाचे. अमावास्या जवळ आणि चंद्रहि पृथ्वीच्या जवळ, म्हणजे उधाण मोठें. किनाऱ्यावरील लोक तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. त्या हिशेबानें चतुर्दशीची भरती साडेदहाच्या सुमारास पूर्ण होते. अर्थात् बोट उलटली तेव्हां पाणी चढत होतें, बंदराच्या आंत शिरत होतें. एक लहान मुलगा तरंगत तरंगत मुंबईच्या किनाऱ्यास लागला, असें जें सांगतात, त्यास कित्येक लेखक चमत्कार म्हणतात. आमच्या मतें तो भरतीचा परिणाम होय, आणि म्हणूनच ती हकीकत आम्ही विश्वसनीय मानतों. गटारीची कथा पंचांगाशीं ताडतां सैल पडते, व पोराची कथा त्याच पंचांगाशीं ताडतां घट्ट बसते. साधनचिकित्सेचा उपयोग केवळ कथा मोडण्याकडेच होतो असें नाहीं, हें सांगण्यासाठीं हें उदाहरण.

स्मृति किती लवकर रूप पालटते याचें एक उदाहरण शिरूरकरांच्या घरचेंच आहे. १८०९ सालीं घोडनदीच्या छावणींत कर्नल वॉलेस नांवाचा इंग्रज अधिकारी वारला. त्याच्या थडग्यास पुढें आसपासच्या खेड्यांतील लोक ‘सत्पुरुष’ म्हणून नैवेद्य दाखवूं लागले, सुगीचें पहिलें धान्य त्यापुढें ठेवूं लागले, आणि गॅझेटियरकारानें तें नमूद करून ठेविलें. शतक पुरें होण्याच्या आंत पलटणीच्या साहेबाचा देव झाला. तेव्हां अमावास्येनें बोट बुडविली असें लोक म्हणूं लागले तर नवल नाहीं. ‘तुकाराम’ व ‘रामदास’ हीं नांवें तर कथेस आयतेंच निमित्त. तुकोबांचे अभंग इंद्रायणींतून तरले आणि त्यांच्या नांवाची बोट समुद्रांत बुडाली, हा विरोध कोणा कीर्तनकाराच्या हातून सुटेल काय? कीर्तनकारास तें शोभतें. इतिहासाचा लेख म्हणून जें छापलें जातें त्यांत तें शोभत नाहीं.

मग विश्वसनीय साधन कोणतें? वर्तमानपत्रांचा उपयोग आहेच; परंतु दुसऱ्याच दिवशीं, १८ जुलैस, हिंदुस्थानच्या स्वातंत्र्याच्या कायद्यास इंग्लंडच्या राजाची संमति मिळाली, आणि पुढील महिनाभर वर्तमानपत्रांचें पान फाळणी व स्वातंत्र्य यांनींच भरून राहिलें. रेवसच्या बोटीवरील माणसांस त्या पानांत जागा मिळावयाची ती किती? वांचलेल्यांच्या मुलाखती पन्नाससाठ वर्षांनंतरच्या. पाणी कसें लागलें, कोणाचा हात कसा सुटला, हें त्यांनीं सांगावें व आपण ऐकावें. परंतु उतारू किती होते आणि तिथि कोणती होती, हें त्यांस विचारणें अन्यायाचें आहे. बुडत्या माणसानें पंचांग पाहिलेलें नसतें.

यामुळें आमचा भर तिऱ्हाइताच्या समकालीन कागदावर आहे, आणि येथेंच शिरूर-दौंडच्या मंडळींचा संबंध येतो. या दोन्ही तालुक्यांतील कोरडवाहू गांवांतून मुंबईस गिरणींत, गोदींत, हमालींत, खानावळींत पोट भरावयास माणसें जात. त्यांचा कोंकणी माणसाशीं एका खोलींत, एका खात्यांत रोजचा शेजार असे. अशा माणसानें १८ किंवा १९ जुलैस घरीं कार्ड टाकिलें असेल, तर त्यांत ‘आमच्या चाळींतला अमका गेला’ एवढें एक वाक्य असण्याचा संभव आहे. तें वाक्य साधें, परंतु मोलाचें. लिहिणारा ना कंपनीचा, ना सरकारचा, ना मृताच्या नात्याचा. आणि त्यानें लिहिलें त्या वेळीं गटारीची कथा अजून तयार झालेली नव्हती. मृतांची खरी संख्या तिकिटांवरून निघणार नाहीं. निघालीच तर ती नांवांवरून निघेल. कोरेगांवच्या जयस्तंभावर १८१८ च्या लढाईंत पडलेल्या शिपायांचीं नांवें कोरलेलीं आहेत, म्हणून तेथें कितीजण पडले याचा वाद करतांना निदान हात टेकावयास एक शिला आहे. ‘रामदास’वरच्या माणसांचीं नांवें अशींच कार्डांत, चोपड्यांत, पंचांगांच्या समासांत विखुरलेलीं असणार.

पंचांगाचें महत्त्व वर आलेंच आहे. आपल्याकडे कर्त्या पुरुषास पंचांगाच्या कोऱ्या समासांत जन्म, मरण, पाऊस, गाय विणें, भाव असें टिपून ठेवण्याची चाल होती. शके १८६९ चें पंचांग कोणाच्या दप्तरांत निघाल्यास तें कोणत्या पक्षाचें आहे हें मुखपृष्ठावरून पाहावें, आषाढ वद्य चतुर्दशी ते अधिक अथवा निज श्रावण शुद्ध पंचमी एवढीं पानें उघडून समास वाचावा, आणि टीप असो वा नसो, पंचांगाचें नांव कळवावें. टीप नसलेलें पंचांगहि त्या घरीं श्रावण केव्हां लागला हें सांगतें.

पत्रांच्या बाबतींत एक सूचना विशेष आहे. पोस्टकार्ड नकलून घेतांना मजकुराबरोबर दोन्ही शिक्के नकलून घ्यावेत, मुंबईस टाकल्याचा आणि इकडे पोंचल्याचा. जुन्या इंग्रजी शिक्क्यांत दौंडचें नांव ‘धोंड’ असें व शिरूरचें ‘सिरूर’ अथवा घोडनदी असें आढळतें, त्यामुळें तें दुसऱ्याच गांवचें समजून बाजूस टाकूं नये. आंत मिति घातलेली नसल्यास शिक्क्याची तारीख हाच पुरावा. मिति घातलेली असल्यास ती शिक्क्याशीं ताडावी, आणि दोहोंत महिन्याचा फरक दिसला तर लेखकाची चूक झाली असें न समजतां घरीं कोणतें पंचांग होतें तें प्रथम विचारावें. तिकीट फाडून घेण्याची हौस कित्येक संग्राहकांस आहे. निदान या एका महिन्याच्या कार्डांपुरती तरी ती आवरावी, कारण तिकिटाबरोबर शिक्क्याचा अर्धा भाग जातो आणि बहुधा तोच अर्धा तारखेचा असतो.